पोटात शिल्लक असलेलं पित्ताशय

काही घटना पोलीस अधिकाऱ्याच्या मनावर कायमच्या कोरल्या जातात, असं म्हणतात. मी बहुतेक विसरलो आहे. दरोडे, मारामाऱ्या, हायवेवर पकडलेले दारूचे टेम्पो, सगळं एकमेकांत मिसळून गेलं. निवृत्तीच्या जरा आधीचं हे प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे, कारण त्यात कागदोपत्री गेलेली वस्तू फिर्यादीच्या पोटातच होती.

मी तेव्हा डहाणू-तलासरी पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी संपली होती. एक विशीतली मुलगी आईला धरून आत आली. आई तलासरीकडच्या एका पाड्यावरची, डोंगरउतारावर भात आणि नागली पिकवणारी. उजव्या बरगडीखाली हात दाबून ती बाकावर वाकून बसली.

ठाणे अंमलदारानं सवयीनं विचारलं, "कोणी मारलं?"

"कोणी नाय मारलं. पोटात खडे झालेत."

"मग दवाखान्यात जा ना, मावशी. इथं काय?"

"दवाखान्यातूनच आलो, सर," मुलगी म्हणाली. "ते म्हणतात, आईचं पित्ताशय आधीच काढलंय."

"कोणी काढलं?"

"तेच विचारायला आलो."

अंमलदारानं दोघींना माझ्याकडे पाठवलं. ज्याची कलमं पाठ नाहीत असा गुन्हा तो नेहमी माझ्याकडे पाठवत असे.

प्रकार असा होता. ग्रामीण रुग्णालयातल्या सोनोग्राफीत पित्ताशय खड्यांनी भरलेलं दिसलं होतं. लवकर काढलं नाही तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डावर शस्त्रक्रिया मोफत होणार होती. पण मंजुरीसाठी कार्ड टाकलं, तर त्यावर आधीच्या पावसाळ्यात हीच शस्त्रक्रिया एका खाजगी हॉस्पिटलात झाल्याची नोंद निघाली. एकदा काढलेला अवयव पुन्हा काढायला मंजुरी मिळत नाही. नियम म्हणून त्यात चूक काढता येत नव्हती. कार्डाबाहेर ऑपरेशन करणं त्या घराच्या आवाक्यातलं नव्हतं.

सरकारी नोंदीत मेलेला माणूस प्रत्यक्षात समोर बसलेला मी पाहिला होता. नुसतं पित्ताशय वारल्याचं पहिल्यांदाच पाहत होतो. नोंदीतला घोळ असेल असं समजून मी योजनेच्या कार्यालयाकडून त्या शस्त्रक्रियेची कागदपत्रं मागवली. ती आली. उत्तम इंग्रजी होतं. चिरा कुठे दिला, टाके कोणते घातले, सगळं होतं. एका ओळीत मात्र शब्दाच्या जागी नुसती लांब रेघ होती आणि तिच्यापुढे मिनिटं-सेकंद. मला तो प्रिंटरचा दोष वाटला. मुलीनं ती रेघ पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"सर, हे आमच्या क्लासचं आहे."

"कसला क्लास?"

"मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचा. ऑनलाइन असतो. डॉक्टर बोलतात ते हेडफोनवर ऐकायचं आणि टाइप करायचं. शब्द ऐकू आला नाही तर अंदाजानं लिहायचा नाही. रेघ सोडायची आणि ऑडिओतली वेळ टाकायची. मग वरचे लोक ऐकून भरतात."

"वरच्यांनी भरलेला दिसत नाही."

"पण आम्ही तर शिकतोय, सर. खऱ्या पेशंटच्या फाइली सरावाला देतात आणि नंतर पुसतात, असं सांगितलंय."

"तू कोणाकोणाच्या टाइप केल्यास?"

तिनं कागद माझ्याकडे परत सरकवला. "ते नाही सांगता येणार, सर."

ती रेघ योजनेच्या कार्यालयातल्या एकामागून एक टेबलांवरून मंजूर होत गेली होती. हे काय आहे, असं कोणीही विचारलं नव्हतं.

क्लासचं ऑफिस डहाणूत स्टेशनजवळच्या एका इमारतीत होतं. पाड्यांवरच्या बारावी झालेल्या मुलींना फुकट प्रशिक्षण आणि पुढे घरबसल्या नोकरी, अशी योजना. प्रवेशासाठी 'कौटुंबिक पडताळणी' होती. घरातल्या प्रत्येकाचं आरोग्य कार्ड आणणं आणि शिबिरात यंत्रावर अंगठा देणं. अंगठ्यामागे एक वडापाव. भिंतीवर उद्घाटनाचा मोठा फोटो होता. फीत कापणाऱ्यांची नावं लिहीत नाही, त्यांतले काही अजून नोकरीत आहेत.

क्लासचा चालक भर उन्हाळ्यात टाय लावून बसला होता.

"सर, हा सगळा सॅम्पल डेटा असतो. पेशंटची नावं काल्पनिक."

"आणि गावं?"

"तीही काल्पनिक."

"तुमची एक काल्पनिक बाई माझ्या ठाण्यात बसली आहे. तिला चहासुद्धा दिलाय."

"योगायोग असेल, सर."

योगायोगानं त्याच्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या फाइलीही आम्ही पोचायच्या आधीच पुसल्या गेल्या होत्या. योजनेच्या नोंदींत त्या हॉस्पिटलची खरी-खोटी ऑपरेशनं मिसळलेली होती; त्यांतली खोटी किती आणि कोणाच्या नावावर, हे आता फक्त ती टाइप करणाऱ्या मुलींच्या लक्षात होतं. मी त्यांना जबाबासाठी बोलावलं.

जबाब घ्यायला आमच्या महिला हवालदार होत्या. चिंचणीच्या कोळीवाड्यात वाढलेल्या. सराईत चोर त्यांच्यापुढे दोन वाक्यांत बोलता होई. मुली मांडीवर पिशव्या घेऊन ओळीत बसल्या होत्या.

"कोणाच्या फाइली टाइप केल्या ते सांगा पटापट."

"नाही सांगता येणार, मॅडम."

"का? कोणी धमकी दिलीय?"

"नाही. गोपनीयता असते. पेशंटची माहिती घरच्यांनासुद्धा सांगायची नाही. पहिल्याच लेक्चरला शपथ झाली आमची."

"अगं बाई, तो क्लासच खोटा आहे!"

"शपथ आम्ही खरी घेतली ना, मॅडम."

हवालदारबाई बाहेर आल्या. असा चेहरा मी त्यांचा पूर्वी पाहिला नव्हता. "साहेब, चोर असत्या तर बोलत्या केल्या असत्या. या असल्यांचं काय करायचं ते आपल्याला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नाही."

कायद्याचा धाक घालता आला असता. पण ज्यांच्या साक्षीवर प्रकरण उभं करायचं, त्यांनाच आरोपीसारखं वागवायला मन घेईना. आणि वेळ नव्हता. फिर्यादी बाईला ताप भरू लागला होता. रुग्णालयातून डॉक्टरांचा फोन आला: "साहेब, तपास सावकाश चालतो, पित्ताशय थांबत नाही."

तो निरोप ऐकून हवालदारबाई पुन्हा आत गेल्या. "पोरींनो, पेशंटला स्वतःचं सांगितलं तर चालतं का?"

मुलींनी आपापसांत कुजबुज केली. "चालतं, मॅडम. तो पेशंटचा हक्कच आहे."

"मग पेशंटच आणते."

दुसऱ्या दिवशी आमची जीप पाड्यांवर फिरली. ज्यांनी अंगठे दिले होते ते सगळे ठाण्याच्या वऱ्हांड्यात येऊन बसले. पंच हजर होते. मुली एकेक करून उठल्या आणि आपापल्या पेशंटसमोर उभ्या राहिल्या.

पहिला होता कैनाडकडचा एक म्हातारा शेतकरी.

"काका, तुमचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय," मुलगी अदबीनं म्हणाली.

"कवा?"

"मागच्या पावसाळ्यात. ॲडमिट होता तुम्ही."

"पावसाळ्यात मी लावणीला होतो. मी ॲडमिट, तर लावणी कोणी केली?"

शेजारचा ओरडला, "तरीच तवा चिखलात हलका चालत होता!"

"तू हस. तुझा काय काढलाय ते बघ आधी," म्हाताऱ्यानं सुनावलं. शेजाऱ्याचंही अपेंडिक्सच काढलेलं निघालं.

म्हाताऱ्यानं सदरा वर केला. पोटावर चिरा नाही, टाका नाही. पंचांनी पाहून सही केली. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. दुपारपर्यंत असं निघालं, की कागदावर त्या पाड्यांमध्ये अपेंडिक्स जवळपास शिल्लक नव्हतं, आणि प्रत्यक्षात एकाच्याही पोटावर टाका नव्हता.

शेवटी फिर्यादी बाई, रुग्णालयातून जीपनं आणलेली. तिच्यासमोर उभी राहिली ती पलीकडच्या पाड्यावरची मुलगी, तिच्या मुलीची जिवलग मैत्रीण.

"मावशी, तुमचं पित्ताशय काढलंय."

"म्हणून तू मना हंडा उचलू देत नव्हतीस?"

मैत्रिणीला रडू आलं. फिर्यादीची मुलगी ताडकन उठली. "तुला माहीत होतं? इतके महिने?"

"मला वाटलं, तुम्हीच मुद्दाम कोणाला सांगत नाही. मी कसं विचारणार?"

मुलगी मैत्रिणीच्या वडिलांकडे वळली. तेही तिथंच बसले होते. "काका, तुमचं हर्नियाचं ऑपरेशन मी टाइप केलं."

"माझा?"

"म्हणून बाबांना ताडावर चढू नका म्हणायचीस?" मैत्रीण रडता रडता म्हणाली.

"टाके ताजे होते ना."

वऱ्हांड्यात कोणी हसलं नाही. मी आत जाऊन खुर्चीत बसलो. प्रेतं पाहिलेला माणूस मी, पण त्या दिवशी हादरलो. टोळीला गुपित राखायला धाक लागतो, पैसा लागतो, कधी सुरा लागतो. इथे एका लेक्चरवर काम भागलं होतं. मुली एकमेकींच्या आईबापांची न झालेली ऑपरेशनं पोटात ठेवून महिनोन्महिने एकमेकींना जपत होत्या, आणि त्या जपण्याच्या आडून चोरी बिनघोर चालली होती.

चालकाला मी त्या वऱ्हांड्यात आणून उभं केलं. "हे तुमचे काल्पनिक पेशंट."

तो बोलायच्या आधीच कैनाडचा म्हातारा उठला. "डॉक्टर, माझा काढलेला तुकडा कुठं ठेवलाय काय? बघायचा होता."

चालकानं पाणी मागितलं, टाय सैल केला आणि खाजगी हॉस्पिटलच्या व्यवस्थापकाचं नाव सांगितलं. ऑपरेशनं रचून व्यवस्थापक ऑडिओ बोलायचा, कागदपत्रं मुलींच्या हातून फुकट तयार व्हायची आणि योजनेचे पैसे दोघं वाटून घ्यायचे. दोघांनाही अटक झाली.

इथे प्रकरण संपायला हरकत नव्हती. पण बाईचा ताप उतरेना आणि मंजुरी येईना. वरिष्ठांचा फोन आला.

"फिर्यादीचं पित्ताशय हा महत्त्वाचा पुरावा आहे. ते काढलं तर पुरावा नष्ट केला असं बचाव पक्ष म्हणेल."

"साहेब, पुराव्यात पू होतोय," मी म्हणालो.

पलीकडून "लेखी पाठवा" असं उत्तर आलं. मी लेखी पाठवलं. त्याच दिवशी पंचांसमोर पुन्हा सोनोग्राफी केली. एक पंच किराणा दुकानदार होता. पडद्यावर बोट ठेवून त्यानं विचारलं, "डॉक्टर, यातलं नक्की कोणतं?" दाखवल्यावर त्यानं समाधानानं सही केली. पित्ताशयाचा पंचनामा मी त्याआधी केला नव्हता आणि नंतर करायची वेळ आली नाही. तो पंचनामा मी स्वतः योजनेच्या कार्यालयात नेला, मंजुरीचा कागद हातात पडेपर्यंत तिथल्या बाकावरून उठलो नाही आणि त्या संध्याकाळी बाईची शस्त्रक्रिया झाली. निघालेले खडे बाटलीत घालून, लाख लावून, मुद्देमाल म्हणून जमा केले.

मुलींनाही आरोपी करावं, शेवटी खोटे कागद त्यांनीच टाइप केले, असं म्हणणारे आमच्याकडे होते. मी त्यांना साक्षीदार केलं. फिर्यादीची मुलगी आता एका खऱ्या कंपनीसाठी घरून टाइप करते. कोणाचं, ते विचारायच्या भानगडीत मी पडलो नाही.

या प्रकरणानं काय शिकवलं, असं निवृत्तीनंतर व्याख्यानांत विचारतात. फसवणारा माणसाच्या हावेवर जगतो, असं आम्ही इतकी वर्षं लोकांना सांगत आलो. हाव धरू नका, फसणार नाही. त्या मुलींना हाव नव्हती. त्यांच्याकडे सचोटी होती, आणि त्या माणसानं नेमकी तीच वापरून घेतली. तेव्हापासून मी तो उपदेश करणं सोडून दिलं. त्याऐवजी काय सांगावं, ते अजून सुचलेलं नाही.

बाई बरी आहे, पाण्याचा हंडा स्वतः उचलते. खटला सुरू आहे. जुन्या शस्त्रक्रियेची नोंद न्यायालयात पुरावा असल्यामुळे निकाल लागेपर्यंत पुसता येत नाही, आणि नवी नोंद खरी असल्यामुळे तीही पुसता येत नाही. त्यामुळे सरकारी दप्तराप्रमाणे तिचं पित्ताशय आजवर दोनदा काढलेलं आहे.