न भाजलेले फळ

विस्तवावर भाजणाऱ्या बिब्याच्या फळाचा वास — थोडा गुळाचा, थोडा धुराचा, आणि तळाशी जिभेला सावध करणारे काहीतरी. तो आठवला की मी आजही खिडकी लावून घेते. का, ते मी घरात कुणाला सांगितलेले नाही. तुम्हालाच सांगते आहे.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात, लग्न होऊन, मी साताऱ्याहून नाकाडोंगरीला आले. यजमान मँगनीजच्या खाणीवर अधिकारी. माझ्यासाठी तो परदेशच — भाषा माझीच, पण कानाला परकी; आणि फळ तर एकही ओळखीचे नाही. ती ओळख सगुणाबाईने करून दिली. ती आमच्याकडे धुणीभांडी करी. पदरात चारोळीच्या झाडाची काळीसर, चिकट चारं आणी. तेंदूची पिवळी टेंभरं आणी. पावसाळा सरल्यावर तळ्यातले शिंगाडे. मी फळ तोंडात घेतले की माझा चेहरा निरखत एवढेच विचारी — "गोड?" मी मान डोलावली की माझ्याहून तीच अधिक सुखावे.

हिवाळ्यात तिने बिब्याची फळे आणली. वर नारिंगी गर, खाली काळी बी.

"हात लावू नोका, बाई. कच्चं खाल्लं तं तोंड उतते. थांबा, भाजून देतो."

"आणि उतले तर?"

"मंग साहेब तुमाले वळखाचे नाही!"

दोघीही हसलो. ती मागच्या अंगणात विस्तवाशी बसली. तो वास घरभर पसरू लागला. आणि मी — मागे राहिलेले एक फळ बीसकट चावले. काय झाले होते मला? भूक नव्हती. कवितेच्या वहीसाठी त्या चवीचा शब्द हवा होता का? की एकदा तरी, तिने सांगण्याआधी, मला काही कळावे असे वाटले?

संध्याकाळपर्यंत ओठ सुजले, फोड आले. यजमानांनी विचारले, "सगुणाने दिले हे? कच्चे?" मला बोलता येत नव्हते. पण मान तर हलवता येत होती ना — आडवी? मी ती उभी हलवली.

खोटे एवढेच.

सकाळी त्यांनी तिला दारातूनच काढून टाकले. साहेबांच्या बायकोला बिबा चारला, अशी बोलवा झाली. मग खाणीवरच्या एकाही घराने तिला काम दिले नाही. माझे ओठ पंधरवड्यात बरे झाले. त्या घरात मी आणखी अकरा वर्षे राहिले — आणि तेव्हा मला नीट बोलता येत होते.

त्या सकाळी "मी दिलं नाही" एवढेसुद्धा ती म्हणाली नव्हती. फाटकाशी थांबली. खिडकीतल्या माझ्या सुजलेल्या तोंडाकडे तिने पाहिले — नेहमीसारखेच, निरखून. राग होता का तो? टोमणा? की तिला खरेच जाणून घ्यायचे होते? मला अजून उमगलेले नाही. तिने विचारले —

"गोड?"