बिनसिमेंटचा खुबा

खुब्यात बसवायच्या धातूला सिमेंट लावणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा बाबांनी खाटेवर उठून बसायचा प्रयत्न केला. मांडीचं हाड वर खुब्यापाशी मोडलेलं होतं, तरीही.

"सिमेंट न्हाई? मंग थांबंल कशावर?"

माझे वडील गवंडी. वडीगोद्री आणि आसपासच्या गावांत त्यांनी घातलेले स्लॅब त्यांना क्रमाने पाठ आहेत, आणि त्यातला एकही गळत नाही हे ते समोरच्याने विचारायच्या आधी सांगतात. सत्तरी ओलांडल्यावर काम सुटलं, पण लक्ष सुटलं नाही. दुसऱ्या कुणाच्या बांधकामावर खांब तिरका आहे हे मालकाला दाखवायला ते वाळूच्या ढिगावर चढले, घसरले आणि खुबा मोडून घेतला. खांब तिरका होता म्हणे.

मी शाळेत मुख्याध्यापिका आहे. जुन्या हजेरीपटांच्या कोऱ्या पानांवर याद्या करते आणि कामं उरकते. जालन्याच्या दवाखान्यात आले तेव्हा माझ्याकडे दोन याद्या होत्या. न्यायच्या वस्तू सव्वीस आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न नऊ. सिमेंटचा प्रश्न त्यात नव्हता.

डॉक्टर तरुण होते आणि त्यांना समजावून सांगायची हौस होती. हाड ठिसूळ असेल तर आम्हीही सिमेंट वापरतो, ते म्हणाले, पण बाबांचं हाड दणकट आहे. त्यांनी कपाटातून नमुन्याचा तुकडा काढला. वर गोल चेंडू आणि खाली निमुळता होत गेलेला दांडा, हाडाच्या पोकळीत बसणारा. बाबांनी त्यावरून अंगठ्याचं नख ओढलं.

"टाचे मारलेत की ह्याला."

गुळगुळीत काँक्रीटवर प्लास्टर धरत नाही, म्हणून गवंडी आधी छिन्नीने ते खडबडीत करतात, त्याला टाचे मारणं म्हणतात. हे मी डॉक्टरांना सांगितलं आणि ते खूश झाले. "अगदी तेच! ह्या खड्ड्यांत हाडाच्या पेशी शिरतात, आणि दोन-तीन महिन्यांत नवं हाड धातूला घट्ट धरून बसतं. वरून हाडातल्याच क्षाराचा पातळ लेप दिलाय, म्हणजे पेशींना जागा ओळखीची वाटते."

"आन् दुसरं कुणी शिरलं तर?" बाबांनी विचारलं. हा माझ्या यादीतला सहावा प्रश्न होता, पण त्यांनी जास्त बरा विचारला.

"जंतू. तीच खरी भीती. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना? तसं आहे. तुमच्या पेशींचा रुमाल आधी पडला तर जागा तुमची. जंतूंचा पडला, तर त्यांना उठवणं फार अवघड."

बाबांनी मान डोलावली आणि कागदावर सही केली. विद्यार्थ्याने मान डोलावली म्हणजे त्याला समजलं असं नसतं, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर माहीत असायला हवं होतं.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर वॉकर घेऊन आले.

"चला बाबा, उभं राहू या."

"एकवीस दिवसांनी," बाबा म्हणाले.

"काय?"

"स्लॅब टाकला की एकवीस दिवस खालचं सेंट्रिंग काढत न्हाईत. आताच टेका काढला तर बसंल ना खाली."

डॉक्टर हसले. नर्सबाई हसल्या. मीसुद्धा हसले. संध्याकाळपर्यंत कुणी हसत नव्हतं. व्यायाम शिकवणारे आले, गेले. बाबा पाय उचलू देत, वाकवू देत, पण जमिनीला टेकवू देत नसत. चौथ्या दिवशी घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. ह्या वयात पडून राहिलं की पायात रक्ताची गाठ होते, छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात. शिवाय हाडावर भार पडला नाही तर ते झिजायला लागतं आणि धातूला धरत नाही. "एकवीस दिवस थांबलात," ते म्हणाले, "तर कदाचित ते पुन्हा उभेच राहणार नाहीत."

मी घरी यादी केली. आमचं घर जुन्या जालन्यात, धान्याच्या दुकानाच्या वर आहे. बाबांच्या पलंगालगतच्या भिंतीवर मी ती चिकटवली. औषधांच्या वेळा, व्यायाम, आहार आणि सर्वांत ठळक अक्षरांत: जखमेची पट्टी पूर्ण कोरडी ठेवणे. वडीगोद्रीहून बाबांचे जुने जोडीदार रोज सकाळच्या गाडीने येत. जन्मभर बाबांच्या हाताखाली बिगारी म्हणून राबलेले, पाया खोदण्यात पटाईत असे हे काका. "जयभीम मिस्त्री" म्हणून ते पलंगाशी बसत, आणि मी निश्चिंत शाळेत जाई.

घरी आणल्यानंतर सहाव्या दिवशी मी दुपारीच परत आले. बाबांच्या मांडीवर दुमडलेलं ओलं बारदान होतं. काका तांब्यातून त्यावर पाणी सोडत होते. खाली मेणकापड अंथरलेलं, बादली लावलेली. काम व्यवस्थित होतं, एवढं मान्य करावं लागेल.

"काका, हे काय?"

"पाणी मारून राह्यलो," काका म्हणाले. "दुकानवाल्यानं बारदान फुकट देल्लं."

"ओरडू नको, माय," बाबा म्हणाले. "तुझ्या यादीत चूक झाल्ती. म्या दुरुस्त केली."

मी भिंतीकडे पाहिलं. 'कोरडी' हा शब्द खोडून वर पेन्सिलीने 'ओली' लिहिलं होतं, आणि पुढे 'दोन टाइम'. खाली सहीसुद्धा होती.

"नवीन काम वाळू देतेत का?" बाबांनी मला समजावलं. "भेगा पडतेत. तुम्हा शाळेतल्या लोकांना ठाऊक न्हाई, डॉक्टरलाबी न्हाई, म्हणून म्या काल दुपारपून सुरू केलं."

मी बारदान उचलून बादलीत टाकलं आणि अँब्युलन्स बोलावली. दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी उघडली. वरचा थर चिंब होता, आतला चिकट पापुद्रा एका कडेला सुटला होता. जखम लाल नव्हती. त्यांनी ती स्वच्छ केली, नवी पट्टी बांधली, मग स्टुलावर बसले.

"बाबा, आत जंतूंचा रुमाल पडला असेल, तर हे सगळं काढावं लागेल."

"काढावं म्हंजी? तोडफोड?"

"तोडफोड."

बाबांचा चेहरा उतरला. आयुष्यात त्यांचं काम कुणी तोडलं नव्हतं. ते म्हणाले, "पाणी बंद. पण उभं ऱ्हायचं एकवीस दिवसांनीच."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून हजेरीपट काढला. त्यात 'बाबांना पटवण्याचे मुद्दे' अशी यादी होती आणि सगळे मुद्दे वापरून झाले होते. तेवढ्यात दारात उभ्या काकांनी डॉक्टरांना विचारलं, "सायब, त्यो दांडा आत बसवला कसा?"

"हाडात जागा कोरली, थोडी कमीच. मग हातोडीनं ठोकून घट्ट बसवला."

"हातोडीनं?" काका आत आले. "लई ठोकला?"

"आवाज बदलेपर्यंत. घट्ट बसला की ठोक्याचा आवाज बदलतो."

काका बाबांकडे वळले. "मिस्त्री, ह्यो स्लॅब न्हाई. ह्यो कुदळीचा दांडा हाय. दांडा ठोकला की आपण एकवीस दिवस थांबतो का? लगेच खोदायला घेतो. जितका दाब पडंल तितका घट्ट व्हतो."

"बरोबर! अगदी बरोबर!" डॉक्टर स्टुलावरून उठलेच.

बाबा विचार करत राहिले. मग हळूच म्हणाले, "कुदळीचा दांडा सैल झाला तर पाण्यात भिजत घालतेत."

मला डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं.

"सैल झाला का?" काका ओरडले. "न्हाई ना झाला? मंग ऊठ आता, गपचीप!"

काकांनी बाबांना अरेतुरे केलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. बाबांनीही. ते काकांकडे बघत राहिले, मग पाय पलंगावरून खाली सोडले. नर्सबाईंनी वॉकर पुढे केला. बाबांनी पाऊल खाली टेकवलं, भार टाकला, आणि कान देऊन काही तडकतंय का ते ऐकलं. मग एक पाऊल. मग आणखी चार.

त्यानंतरचे दहा दिवस मी सकाळ-संध्याकाळ त्यांचा ताप लिहून ठेवला. ताप आला नाही. काका रोज येत आणि त्यांना आधी गच्चीपर्यंत, पुढे गल्लीच्या टोकापर्यंत चालवत. चालताना कोण कुणाला हुकूम करतंय ते लांबूनही ऐकू येई.

तीन महिन्यांनी एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरून दाखवला. धातू आणि हाड यांच्यात कुठेही काळी रेघ नव्हती. हाडाने जागा धरली होती. बाबांनी फोटो दोनदा पाहिला, मग खोलीत इकडून तिकडे चालून दाखवलं आणि म्हणाले, "काम चांगलं हाय. फक्त उजवा पाय दोन सूत लांब झाला."

डॉक्टरांनी टेप काढून दोन्ही पाय मोजले. पुन्हा मोजले. "सहा मिलिमीटर," ते जरा ओशाळून म्हणाले. "असं कधी कधी होतं."

"व्हतंय," बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सूत-दोन सूत आमच्याकडूनबी जायचं. प्लास्टरात घ्यायचं."

डॉक्टरांनी डाव्या चपलेत पातळ तळ घालायला लिहून दिलं. मी ते यादीत उतरवून घेईपर्यंत काका दवाखान्याबाहेर टायरवाल्याकडे उकिडवे बसले होते आणि जुन्या ट्यूबचा तुकडा बाबांच्या चपलेच्या मापाने कापत होते.