खाऱ्या पाण्याचं हॉटेल

लग्न होऊन घोलवडला आले तेव्हा मला वाटलं होतं, चिकूच्या वाडीत पडले. पडले ती हॉटेलात! आजेसासऱ्यांनी वाडीच्या समुद्राकडच्या टोकाला ते दुमजली हॉटेल बांधलं होतं. मुंबई-सुरतेची माणसं हवापालटाला यायची, पण खरी ख्याती कढत खाऱ्या पाण्याच्या आंघोळीची. भरतीचं पाणी पिंपांतून आणून तांब्याच्या अवाढव्य बंबात तापवायचं आणि दुखरे गुडघे त्यात शेकायचे.

पुढे माणसं दमणला वळली आणि आमच्या खोल्यांत चिकूचे क्रेट आले. नवऱ्याने जागा लग्नाच्या लॉनसाठी एकाला द्यायचं ठरवलं. मी भांडभांड भांडले आणि एक हंगाम मागून घेतला.

हंगाम मिळाला आणि माझं डोकं फिरलं. बंब जुनाट दिसतो म्हणून माळ्यावर टाकला, चकचकीत गीझर बसवले आणि त्यांत सरळ समुद्राचं पाणी सोडलं. आयुष्यभर समुद्रकाठी दारं-खिडक्यांचे गंज खरवडणारी मी! पहिले पाहुणे न्हाणीतून विटकरी रंगाचे टॉवेल घेऊन बाहेर आले आणि दुपारीच निघून गेले. नवरा हसला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "झाली हौस?"

रागारागाने मी बंब खाली उतरवला, चिंचेने घासून लख्ख केला.

दिवाळीनंतर उमरगावच्या एक म्हाताऱ्या बेन आल्या. लहानपणी त्या आईबरोबर यायच्या. "बरं वाटलं की जाताना आई हा जिना चढून दाखवायची," त्या म्हणाल्या, "खाली सगळे टाळ्या वाजवायचे." त्यांना स्वतःला ओटाही चढवत नव्हता. रोज पहाटे मी बंब पेटवायचे. एकदा उठले तर नवरा आधीच लाकडं सारत बसलेला. मी शेजारी बसले आणि फुंकणी हातात घेतली.

निघायच्या दिवशी बेन कठडा धरून चढू लागल्या. अर्ध्यावर थांबल्या, धापा टाकत हसल्या. "बाकीचा पुढच्या वर्षी हां, भाई." पहिली टाळी नवऱ्याची होती.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. लॉनवाला ताबा कधी देता म्हणून विचारत होता. नवऱ्याने जिन्याकडे पाहिलं.

"नाही जमणार शेठ," तो म्हणाला. "आमचं गिऱ्हाईक अजून अर्ध्या जिन्यावर आहे."