बोंबील राखणारी गोरी मुलगी

मंडळी, बोईसरच्या कॉम्प्युटर क्लासमधून आत्ताच घरी आलेय, पण डोकं काही शांत होत नाहीये. चहा तसाच ठेवून आधी गटावर मेल टाकतेय.

मी शिकवते त्या बॅचमध्ये मीनल आहे, इथल्याच मुरबे गावच्या कोळ्यांची मुलगी. परीक्षेसाठी तिने स्वतः एक छोटा व्हिडिओ गेम बनवलाय. किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत घातलेत, एक मुलगी ते राखतेय आणि चोर आला की त्याला हाकलायचं. बोंबील अगदी तोंडात तोंड अडकवून टांगलेले! मुलीचं लुगडंसुद्धा पक्कं कोळणीचं.

चेहरा मात्र गुलाबी, गोरापान. आणि चोर? माउसवर ठेवलेल्या मीनलच्या हातासारखा सावळा.

"अगं, ही मुरब्याची ना? मग एवढी गोरी कशी?"

"मॅडम, गेममधली हाय ना ती!"

मला संताप आला, पण तो तिच्यावर कसा काढणार? क्लासमधल्या गेमच्या सगळ्या फ्लॉप्या आठवून पाहिल्या. सावळी माणसं होती त्यांत, पण फक्त मार खायला.

मी म्हटलं, "तुझ्या रंगाची कर बघू तिला."

तिने केली. मान तिरकी करून स्क्रीनकडे पाहिलं. मग अगदी मनापासून विचारलं, "पन मॅडम, आता चोर कोन ते कसं समजनार?"

गेममध्ये कसला आलाय रंग, असं याच गटावर म्हणणाऱ्यांनो, उद्या ती पुन्हा माझ्यासमोर बसणार आहे. काय सांगू तिला?