जावईबापूंचा मान आणि आबांची सुई

नाशिकच्या एका हार्ट हॉस्पिटलात मी काउन्सेलर आहे. हृदयविकार घराण्यात कसा उतरतो, ते माणसांना समजावून सांगायचं, हे माझं काम. समजावते मी, पण रोज घरी येताना पदरात चार किस्से पडलेले असतातच! सगळे सांगत बसले तर जेवण राहील, म्हणून आज सायखेड्याच्या एकाच घराचे सांगते.

प्रवीण, वय छत्तीस. ना विडी, ना दारू, तरी अटॅक! वाचला बिचारा. तपासणीत कळलं, कोलेस्टेरॉल सांभाळणाऱ्या एका जीनमध्ये जन्मापासूनच बदल आहे. असा बदल बहुतेक आईकडून तरी येतो, नाहीतर वडिलांकडून. घरात आणखी कुणाला असेल तर वेळेत गोळ्या सुरू करता येतात. म्हणून सगळ्यांना बोलावलं.

त्याच्या आईला, आक्कांना विचारलं, "तुमच्या माहेरी हार्टचा त्रास कुणाला?"

"छ्या! कुणालाच नाय. तिघं भाऊ ठणठणीत होते, शेवटपर्यंत!"

"आणि शेवट कधी झाला?"

"थोरला चाळिशीत गेला, मळ्यात बसल्या बसल्या. मधला पण..."

रक्त द्यायच्या दिवशी खुर्चीत पहिले कोण बसले? जावईबापू!

"अहो, यांचं रक्ताचं नातं नाही. यांचं घेऊन मी काय करू?"

प्रवीणचे वडील, आबा, तडकले. "जावयाच्या आधी आम्ही बसायचं? ही काय रीत हाय का, मॅडम?"

शेवटी जावईबापूंचं बीपी बघितलं, त्यांचा मान राहिला आणि रांग पुढे सरकली.

सरकली ती आबांपाशी अडली! उसातला बिबट्या काठीने हाकलणारा हा माणूस, सुई बघून घामाघूम. आक्कांनी त्यांच्या डोळ्यांवर पदर धरला, लेकीने, वैशालीने, हात दाबून धरला, तेव्हा कुठे एक नळी भरली. "परत सुई लावून घेणार नाय, सांगून ठेवतो!" असं बजावून आबा गेले.

वैशालीचा रिपोर्ट आधी आला. तिच्यात तो बदल नव्हता. मी म्हटलं, "पेढे काढा!" तर ती हमसून रडायलाच लागली. "एकट्या दादालाच का? लहानपणी सगळं अर्धं अर्धं वाटून घेतलं ना आम्ही!" खोटं कशाला सांगू, मीही रडले.

आक्कांचे मात्र रोज फोन. "मॅडम, माझ्याकडनं तर नाय ना गेलं लेकराला?" दुसरं काही विचारायच्याच नाहीत.

पंधरवड्याने आबा-आक्का दोघांचे रिपोर्ट आले. बदल आक्कांकडून आला होता. मी जमेल तितक्या हळू आवाजात सांगितलं, यात कुणाचा दोष नसतो, तुम्हालाही आता गोळी सुरू करू. आक्का पदराचं टोक पिळत बसल्या. "म्हंजे मीच दिलं त्याला," एवढंच म्हणाल्या.

आबांनी खुर्ची पुढे ओढली. बाही वर केली, हात टेबलावर ठेवला आणि डोळे गच्च मिटून घेतले.

"रिपोर्ट चुकलाय, मॅडम. माझं रक्त परत घ्या!"