भर दुपारी वाजलेला खांब

इकडे ईशान्येला, काकचिंगच्या आमच्या वस्तीत विजेचा खांब वाजला की बायका चुलीवरचा भात तसाच टाकून बाहेर पडतात. कुणाच्या पोराला लष्कराने उचललं, कुणी दारू पिऊन बायकोचं डोकं फोडलं, कुणी गर्द विकताना सापडला, की जी जवळ असेल ती दगड उचलते आणि लोखंडी खांबावर हाणते. अंधार असेल तर मशाली निघतात. या मशालवाल्या बायकांपुढे ठाणेदारसुद्धा आवाज खाली ठेवून बोलतो. त्या खांबावर सगळ्यांत जास्त दगड कुणी हाणले असतील तर ते गंभिनीने. वस्तीच्या सगळ्या पोरांसाठी हाणले. आणि स्वतःच्या पोटच्या पोरासाठी हाणला तेव्हा मात्र तोच आवाज वस्तीला नकोसा झाला. ती हकिगत आजही शांतपणे सांगता येत नाही.

गंभिनी बाजारात आंबवलेली सुकी मासळी विकते. तिच्या टोपलीचा वास आणि तिच्या जिभेचा तिखटपणा, दोन्ही लांबूनच कळतात. नवरा ऐन तरुणपणी गर्दच्या सुईने नेला. त्याचे दिवस उरकले आणि ती मशालवाल्यांत जाऊन बसली, ती कायमची. मूल एकच, मालेम. शाळेच्या हजेरीत मुलगा. पण सातवीत असताना मालेमने आईला सांगितलं, "इमा, मी मुलगा नाहीये. मुलगी आहे."

गंभिनी मासळी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला डोळे आहेत. ते सूप इकडे दे. आणि केसांना तेल लाव, झिंज्या झाल्यात नुसत्या."

घरापुरता विषय तिथेच मिटला. बाजारात शेजारणी टोमणे मारायच्या. "काय गंभिनी, लेकाला सासरी कधी धाडतेस?" गंभिनी तराजू न हलवता सांगायची, "तुझा लेक चार वर्षं घरात बसून खातोय. त्याला आधी कामावर धाड, मग माझ्याकडे बघ." अशी ती सगळ्यांना पुरून उरली होती. बाजार तिच्या हातातला होता. शाळा नव्हती.

मालेम शाळेत पाणी प्यायची नाही. पाणी प्यायलं की मुतारीत जावं लागतं आणि तिथे पोरं टपलेली असतात. नववीच्या वर्षी एका उकाड्याच्या दिवशी तिला राहवलं नाही आणि ती गेली. तीन पोरांनी तिला धरलं, सदरा फाडला, आत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. वर्गात बाईंनी विचारलं, मालेम कुठाय? पोरं म्हणाली, घरी गेला. शाळा सुटून शिपाई फेरीला आला तेव्हा कुठे दार उघडलं. पोर घरी आलं ते फाटका सदरा छातीशी धरून, सबंध बाजारातून.

दुसऱ्या दिवशी गंभिनी मुख्याध्यापकांकडे गेली. आमच्याकडे गुरुजींना ओजा म्हणतात. ओजा गौरकिशोर म्हणजे गोड माणूस, कुणाला अरे म्हणणार नाही. नाटकाचा भारी शौक. आमच्याकडे अंगणात नाटकं होतात आणि त्यांत बायकांची कामं पुरुषच करतात. छळ सोसणाऱ्या सुनेचं काम करणारा नट रडायला लागला की ओजा पुढच्या रांगेत हुंदके देतात. शाळेच्या वर्धापनदिनाला त्यांनी त्याच नटाला हार घातला होता आणि माईकवर म्हणाले होते, काय ते चालणं, काय ती नजर, बाईने शिकावं.

त्यांनी गंभिनीसाठी चहा मागवला. आमच्याकडे आईला इमा म्हणतात, आणि मानाने कुठल्याही मोठ्या बाईला. "इमा, पोरं आहेत, चेष्टा केली. पण मालेमनेही जरा जपायला नको का? त्याचं चालणं बघा. केस कापा, परीक्षेपर्यंत घरीच ठेवा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"चालणं? त्या नटाच्या चालण्याला तुम्ही हार घातलात, ओजा."

"अहो, ते नाटक."

"म्हणजे नाटक केलं की हार, आणि खरं असलं की कडी."

"तुम्ही चिडलाय. चहा घ्या, निवतोय."

"कोंडलं कुणी, आणि घरी बसायचं कुणी? मला फार काही नको. प्रार्थनेला सगळ्यांपुढे सांगा, की जे केलं तो गुन्हा आहे, आणि मालेमचं काहीही चुकलेलं नाही. ही शाळा तिचीपण आहे."

"ते तेवढं नाही जमणार. पालक काय म्हणतील?"

पालक काय म्हणतील, हे त्यांनी पालकालाच विचारलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही चहा पाजून. गंभिनीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. घरी मालेमने तर सांगूनच टाकलं होतं, "ओजांनी सगळ्यांदेखत म्हटलं पाहिजे माझं चुकलं नाही. नाहीतर मी शाळेत पाय ठेवणार नाही." हट्टात आईवर गेलेलं पोर. म्हणजे त्या एका वाक्यावर तिचं शिक्षण अडलं होतं, आणि ते वाक्य बोलायला ओजांची जीभ उचलत नव्हती.

शाळेच्या फाटकाला लागूनच खांब आहे. गंभिनीने दगड उचलला आणि भर दुपारी ठणाठण वाजवायला सुरुवात केली.

सगळ्यांत आधी धावत आली बेमबेम. समोरच तिचं ब्यूटी पार्लर. हातात रंग लावायचे मोजे तसेच. बेमबेम याच शाळेत होती, मालेमसारखीच, आणि आठवीत शाळा सोडून गेली. तेव्हा कुणी खांब वाजवला नव्हता. मग बाकीच्या आल्या. कुणाच्या हातात मागाचा धागा, कुणाचे केस ओले. म्हातारी इमा थानिल, मशालवाल्यांची म्होरकी, काठी टेकत शेवटी पोचली. "कुणाला उचललं?"

गंभिनीने सांगितलं.

"मला वाटलं लष्कर आलं," एक जण म्हणाली आणि पदर सारखा करत वळली.

थानिल म्हणाली, "गंभिनी, यासाठी खांब वाजवतात का? घरातलं घरात बघावं."

"घरातलं? शाळेत झालंय ते, इमा."

"पोरगं असं म्हटल्यावर लोक चेष्टा करणारच. केस काप त्याचे, आपोआप थांबेल." हे बोलताना तिने बेमबेमकडे असं पाहिलं, जणू ही ब्याद हिनेच वस्तीत आणली. मग म्हातारी निघाली आणि तिच्यामागे सगळ्या निघाल्या.

या बायका भित्र्या असत्या तर राग कमी आला असता. बंदुकीच्या नळ्यांसमोर मांडी ठोकून बसलेल्या बायका या. सरकारला भ्यायल्या नाहीत, आणि एका पोराच्या लांब केसांपुढे सगळ्यांनी मूग गिळले.

गंभिनीने दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या वेळी पुन्हा खांब वाजवला. तिसऱ्या दिवशीही. मग रोजचंच झालं. मासळीची टोपली खाली ठेवायची, घंटा होईपर्यंत दगड हाणायचा, टोपली डोक्यावर घ्यायची आणि बाजाराला जायचं. बेमबेम शेजारी उभी राहायची. वस्तीतल्या बायकांचे हाल झाले. त्या आवाजाला घरात बसून राहायची त्यांच्या हाडांना सवयच नव्हती. भात करपायला लागले. एकमेकींवर खेकसायला लागल्या.

ओजाही टेकीला आले. फाटकापाशी येऊन त्यांनी एक किल्ली पुढे केली. "शिक्षकांची मुतारी मालेमला उघडून देतो. स्वतंत्र. आता तरी थांबवा."

"किल्ली द्या, चांगलं आहे. पण कुलपात माझी लेक, आणि ती तीन पोरं मोकळी? ते वाक्य कुठाय?"

"इमा, वाक्याने काय होतंय?"

"काही होत नसेल तर बोलून टाका ना."

किल्ली खिशात घालून ओजा आत गेले.

शेवटी इमा थानिलच भांडायला आली. "खांबाची अब्रू घालवलीस तू. उद्या खरंच लष्कर आलं तर कोण बाहेर पडेल?"

"नका पडू. तुमच्या धाकट्याला नेलं होतं तेव्हा मी कशी पडले होते, इमा? मालेम अंगावर पीत होती. तिला तशीच ओढून काढली आणि छावणीच्या दाराशी येऊन बसले."

"माझा पोरगा निरपराध होता."

"आणि माझी?"

म्हातारी काठीवर भार देऊन उभी राहिली. मग तिने ते विचारलं, जे पहिल्या दिवशी कुणीच विचारलं नव्हतं. "पोरं कोण होती?"

"दोन खालच्या आळीतली. तिसरा तुमचा बॉयनाओ."

"माझा नातू? आणि इतके दिवस बोलली नाहीस?"

"पोरं कुणाची हे बघून तुम्ही यावं, असं मला नको होतं. मालेमसाठी यायला हवं होतं."

थानिल तडक घरी गेली. त्या दिवशी तिच्या घरातून बॉयनाओच्या रडण्याचा आवाज सगळ्या आळीने ऐकला. सकाळी ती त्याला दंडाला धरून खांबापाशी आली, गंभिनीच्या हातातला दगड काढून घेतला आणि स्वतः हाणला. तिचा ठोका सगळ्यांना ओळखू येतो. बघता बघता वस्ती रिकामी झाली आणि फाटकातून आत गेली.

प्रार्थना चालू होती. पोरं रांगेत, शिक्षक पायरीवर, आणि मैदानात या सगळ्या बायका. ज्या बायकांनी लष्कराच्या गाड्या अडवल्या त्यांना अडवायला शाळेचा शिपाई काय पुढे होणार. ते वाक्य ऐकण्यापुरती आत आलेली मालेम आईला चिकटून उभी होती, केस घट्ट बांधून. थानिल म्हणाली, "ओजा, हा माझा नातू. यानेच कोंडलं तिला. आता तुम्ही बोला."

ओजांनी माईक हातात घेतला, चष्मा पुसला आणि भराभर बोलून गेले, "मालेमशी जे केलं तो गुन्हा आहे. तिचं काहीही चुकलेलं नाही. ही शाळा तिचीपण आहे." माईक खाली.

एवढंच. एक घोट पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ. बायका हुश्श करून हलायला लागल्या. मालेम रडत रडत तिच्या वर्गाच्या रांगेत जाऊन उभी राहिली आणि पुढच्या मुलीने सरकून जागा दिली. कुणीतरी गंभिनीच्या पाठीवर थाप मारली, जिंकलीस म्हणाली. गंभिनीला मात्र जिंकल्यासारखं काहीच वाटत नव्हतं. इतकंसं वाक्य होतं ते. त्याला ना पैसा लागत होता ना सरकारची परवानगी, आणि तेवढ्यासाठी यांनी तिच्या लेकराला इतके दिवस घरात कुजवलं.

परत निघताना तिला बेमबेम दिसली. ती फाटकाच्या आत आलीच नव्हती. बाहेर, गज धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतलं काजळ गालांवर उतरलं होतं.

"आत का नाही आलीस?"

"नको, इचे." थोरल्या बहिणीला म्हणतात तसं ती गंभिनीला इचे म्हणायची. "त्या फाटकातून मी एकदा बाहेर पडले ती पडलेच." तिने नाक पुसलं. "माझ्या वेळी हे कुणी बोललं असतं ना, तर मी निदान दहावी तरी झाले असते."

गंभिनीने तिचं मनगट धरलं आणि ओढत मैदानाच्या मधोमध आणलं. बायका थबकल्या. पोरांच्या रांगा वर्गांकडे वळत होत्या, त्याही थांबल्या. ओजा पायरीवरून आत जायला निघाले होते.

"ओजा, माईक घ्या," गंभिनी म्हणाली. "परत बोला. हिला ऐकायचं राहिलंय. आणि या वेळी सावकाश, हिचं नाव घेऊन."