अपडेट एकट्यानं करायचा नाही

ज्याचं वायफाय पहिल्या फटक्यात चालतं, त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं! आमचं कधीच पहिल्या फटक्यात चाललं नाही. त्यामुळे किस्से साठत गेले, आणि आता ऐकायला माणसं कमी अन् किस्से जास्त अशी अवस्था आहे. म्हणून तुम्हाला सांगते.

आमचं टोळकं चौघांचं: एक शिक्षक, एक इलेक्ट्रिशियन, एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आणि मी. लोकांनी टाकून दिलेले लॅपटॉप घ्यायचे, त्यांच्यावर लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची आणि गरजूंना द्यायचे. बाकी सगळं निमूट चालायचं. वायफायचं कार्ड तेवढं लग्नातल्या फुगलेल्या आत्यासारखं बसून राहायचं. त्याला मनवायला आम्ही दर रविवारी सकाळी क्रांती चौकाच्या मागच्या एका अभ्यासिकेत जमायचो.

मी पॉलिटेक्निकच्या लॅबमधून निवृत्त झाले, त्याच वर्षी हे गेले. घरात बोलायला कोणी नाही. खरं सांगू? मला लिनक्सचं वेड वगैरे काही नव्हतं. रविवारी कुठंतरी जायला हवं होतं.

*

पहिला किस्सा वाघमारे सरांचा. पिशोरच्या शाळेत शिक्षक. एक दिवस एसटीनं आले, पिशवीत शाळेचा लॅपटॉप. तीन आठवडे एकटेच झटत होते बिचारे. वायफाय लावायला गेलं की स्क्रीनवर एकच सूचना यायची: या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा छोटा प्रोग्राम, इंटरनेटवरून उतरवून घ्या.

"आता बोला!" सर म्हणाले. "विहिरीतून पाणी काढाया पोहरा लागतो, अन् पोहराच विहिरीत पडलाय! मानूस करंल तरी काय?"

मी माझा मोबाईल केबलनं लॅपटॉपला जोडला. मोबाईलचं नेट आत गेलं, ड्रायव्हर उतरला, दहा मिनिटांत वायफाय सुरू. सरांनी ती केबल हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली.

"मॅडम, ही वायर माझ्या घरी हाय. चार्जरची."

*

सिराजभाई आमच्यात आले ते अभ्यासिकेचा इन्व्हर्टर दुरुस्त करायला. चितेगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचे इलेक्ट्रिशियन. त्या वेळी एका लॅपटॉपवर आमचा तिसरा रविवार चालला होता. ड्रायव्हर बदलून झाला, जुनी आवृत्ती टाकून झाली, नवी टाकून झाली. आमच्यातला प्रतीक तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. तो परदेशातल्या कोणाला तरी इंग्रजीत ईमेल लिहीत होता.

सिराजभाई स्टुलावरून उतरले, हात पुसले, लॅपटॉप उचलून चारी बाजूंनी फिरवून पाहिला. पुढच्या कडेला नखाएवढं एक बटण होतं. त्यांनी ते सरकवलं. टिक!

वायफाय सुरू.

"मॅडम, पहले मेन स्विच देखनेका ना!"

प्रतीकनं अर्धा लिहिलेला ईमेल पुसून टाकला. सिराजभाई पुढच्या रविवारीही आले. इन्व्हर्टर व्यवस्थित चालू होता.

*

आमचा एकच कायदा होता: अपडेट एकट्यानं करायचा नाही. कारण अपडेट झाला की सिस्टिमचा गाभा बदलतो आणि वायफायचा ड्रायव्हर जुनी ओळख विसरतो. म्हणून सगळ्यांनी आपापले लॅपटॉप घेऊन यायचं, शेजारी बसायचं आणि एकदम अपडेट करायचा. कोणाचं गेलंच, तर बाकीचे आहेत.

प्रतीकनं हा कायदा मोडला, तोही गुरुवारी. शुक्रवारी त्याचा नोकरीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू! वायफाय गायब, आणि मोबाईलला त्याच्या खोलीत रेंज नाही. सकाळी सातला रस्त्यावर येऊन, रडकुंडीच्या आवाजात मला फोन. मी सिराजभाईंना केला. ते ड्युटीआधी केबलचं भेंडोळं घेऊन हजर! शेजारच्या काकूंकडे नेट होतं; त्यांच्या घरातून, गच्चीवरून, खिडकीतून केबल ओढली आणि इंटरव्ह्यू सुरू झाला.

अर्ध्या तासानं काकू धुणं घेऊन गच्चीवर आल्या. नवी दोरी दिसली. वाळत घातलं की सगळं! खिडकीत लॅपटॉप पुढे-मागे डोलायला लागला. समोरच्या साहेबांनी विचारलं, "काही अडचण आहे का?"

प्रतीक म्हणाला, "नाही सर, नेटवर्कवर लोड आलाय."

नोकरी लागली. पुण्याला! पेढे वाटून गेला. ती केबल ओढायला नको होती, असं मला त्या रात्री वाटलं होतं. आज कबूल करते.

*

वाघमारे सरांनी पिशोरच्या शाळेत अकरा लॅपटॉपची लॅब उभी केली. आम्ही सगळे उद्घाटनाला गेलो होतो. नऊ लॅपटॉपनी लगेच वायफाय पकडलं, दोघांनी तोंड फिरवलं. आम्ही जमिनीवर मांडी घालून त्या दोघांच्या मागे लागलो, आणि मुख्याध्यापक हार हातात घेऊन ताटकळत उभे.

शेवटी त्यांनी विचारलं, "वाघमारे, ही सिस्टिम फुकट म्हणता. मग हिच्यात खोट काय हाय?"

सर मान वर न करता म्हणाले, "खोट नाय सर. फकस्त हिला मित्र लागतात."

पुढच्या उन्हाळ्यात सरांची बदली झाली, पार नांदेडच्या पलीकडं. आता आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी 'जय भीम' येतं आणि मी नमस्काराचा हात पाठवते.

*

राहिलो दोघं. अभ्यासिकेची जागाही गेली, मग सिराजभाई माझ्या घरी यायला लागले. शनिवारी संध्याकाळीच मी टेबल पुसून ठेवायची. रविवारचा दिवस असा होता की त्याच्या जिवावर सोमवार-मंगळवार निघून जायचे.

एका रविवारी ते मुलीसाठी घेतलेला नवा लॅपटॉप घेऊन आले. खुशीत होते. "मॅडम, आज तो पूरा दिन जानेवाला!" मी पोहे जास्तच केले होते. लिनक्सची नवी आवृत्ती टाकली, लॅपटॉप चालू केला. आणि काय सांगू! कोपऱ्यात वायफायची खूण आपोआप आली. गल्लीतली सगळी नेटवर्कं रांगेत उभी! ड्रायव्हर नको, केबल नको, काही नको.

सिराजभाईंनी खिशातून काढलेला स्क्रू-ड्रायव्हर परत खिशात ठेवला.

"चल गया," सिराजभाई म्हणाले. कोणी वारल्याची बातमी सांगतात, तसे.

पोहे खाऊन ते अकरा वाजताच निघाले. उरलेले पोहे मी रात्री खाल्ले.

त्यानंतरच्या रविवारी ग्रुपवर मी विचारलं, "कोणाचं काही अडलंय का?" प्रतीकचा अंगठा आला. सरांचा अंगठा आला. सिराजभाईंनी लिहिलं, "सब चालू है मॅडम, अल्लाह का करम." असे पाच रविवार गेले. दूधवाल्याशी बोलले तेवढंच. एका रविवारी दुपारी माझाच आवाज मला घोगरा वाटला, तेव्हा मात्र मी घाबरले.

*

आता शेवटचा.

सहाव्या शनिवारी मी लहान स्क्रू-ड्रायव्हर घेतला, माझ्या लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलं, वायफायचं कार्ड उपसून काढलं आणि गोळ्यांच्या डब्यात ठेवलं. झाकण लावलं. मोबाईलवरून ग्रुपवर टाकलं, "माझं वायफाय गेलं."

प्रतीकनं एक लिंक पाठवली. सर म्हणाले, "रीस्टार्ट करून बघा, मॅडम." सिराजभाईंनी लिहिलं, "आता हूं."

रविवारी साडेनऊला आले. चितेगावहून, गाडीवर, रुमाल बांधून. बसले, दोन-तीन कमांड दिल्या. लॅपटॉप म्हणाला, कार्डच दिसत नाही. त्यांनी परत दिल्या. परत तेच.

मला वाटलं होतं, एवढ्यावर तास-दोन तास जातील. पण हा माणूस मेंटेनन्सचा! त्यांनी लॅपटॉप उलटा केला, खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि एकेक स्क्रू वाटीत ठेवायला लागले. मी चहाकडे वळले. चहा उकळून वर आला तरी मला गॅस कमी करायचं सुचलं नाही.

झाकण निघालं. कार्डाची जागा रिकामी. त्याच्या दोन बारीक वायरी, एक काळी, एक पांढरी, सुट्या पडलेल्या.

सिराजभाई त्या जागेकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मी गॅसकडे.

त्यांनी झाकण परत लावलं. वाटीतला एकेक स्क्रू घेऊन, सावकाश, नीट पिळून बसवला. लॅपटॉप सरळ करून माझ्यापुढं सरकवला आणि चष्मा पुसत म्हणाले,

"ड्रायव्हर का प्रॉब्लेम है, मॅडम. लई किचकट दिसतंय. चार-पाच रविवार तरी लगेंगे."